दिसणं आणि ओळखणं

आमच्या घरात बंदुकीचा विषय 1967 च्या दसऱ्यानंतर कुणी काढला नाही. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती स्वतः खांद्यावर टाकून खानापूरच्या ठाण्यात नेली, परवान्याचा कागद फौजदारापुढे ठेवला आणि परत आल्यावर तिचं नाव घेतलं नाही. भिंतीतली खुंटी तेवढी राहिली. तिच्यावर पुढे छत्री टांगली जाऊ लागली.

म्हणून 2024 च्या मार्चमध्ये, टेक्सासात मुलाकडे गेलो असताना, जेवणाच्या टेबलावर त्याने तीन कॅटलॉग माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, "बाबा, पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवलंत, सांगा यातली कुठली घेऊ," तेव्हा चित्रं बघून माझा हात थांबला. ती बंदुकीवर बसवायची दुर्बीण होती. साधी नव्हे, थर्मल. अंधारात प्राण्याच्या अंगच्या उष्णतेवरून त्याचं चित्र दाखवणारी.

"तुला कशाला ही?" मी विचारलं.

त्याने शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं शेत दाखवायला नेलं. ऑस्टिनच्या ईशान्येला काळ्या जमिनीचा मोठा पट्टा आहे. त्याला तिकडे ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात पायाला चिकटणारी ती माती पाहून मला आपलं बैलहोंगल आठवलं. आठवड्यापूर्वी मका पेरला होता आणि ओळीच्या ओळी उकरलेल्या होत्या. नांगराने सरी धरावी तशी डुकरांनी रात्रीत तास धरून एकेक दाणा उचलला होता. म्हातारा गुडघ्यावर बसून ती माती हातात घेत होता. तो काय बोलला ते सगळं मला कळलं नाही. पण ते बसणं ओळखीचं होतं. भात पोटरीला आलं की आमच्याकडेही सकाळी असंच बसलेलं कुणीतरी दिसायचं.

तिथलं रानडुक्कर मूळचं तिथलं नव्हे. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटून रानटी झाली, आणि 1930 च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी युरोपातली रानडुकरं आणून सोडली. त्या दोघांची ही संतती. टेक्सासात त्यांची संख्या पंचवीस लाखांहून अधिक असावी असा अंदाज आहे. 2019 पासून तिथे कायदाच असा की, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही, रात्रीही चालतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं. तिथला प्रश्न वेगळा आहे, तो तिथल्या मातीतच समजून घ्यायला हवा, एवढं मला त्या उकरलेल्या ओळींपाशी पटलं. म्हाताऱ्याला रात्री दिसत नव्हतं. मुलगा त्याला मदत करणार होता. मी घरी येऊन चष्मा पुसला आणि कॅटलॉग उघडला.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. आपल्या डोळ्याला दिसतो तो प्रकाश साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन लांबीच्या लहरींचा. सजीवाचं अंगही सतत लहरी सोडत असतं, पण त्या बहुतांशी 8 ते 14 मायक्रॉनच्या आसपासच्या; त्या आपल्याला दिसत नाहीत. यंत्राच्या आत व्हॅनेडियम ऑक्साइडच्या सूक्ष्म चकत्यांची जाळी असते. उष्णता पडली की चकतीचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून चित्र तयार होतं. साध्या काचेतून या लहरी जात नाहीत, म्हणून भिंग जर्मेनियम या धातूसारख्या दिसणाऱ्या मूलद्रव्याचं करावं लागतं. डोळ्याला ते भिंग अपारदर्शक आणि खिडकीची काच पारदर्शक. यंत्राला नेमकं उलटं. असा धडा मला वर्गात शिकवायला मिळाला नाही याची हळहळ वाटली.

कॅटलॉगात प्रत्येक यंत्राखाली ठळक अक्षरात एक आकडा होता: 'शोधपल्ला 1,800 मीटर'. मुलगा त्यावर खूश होता. मैलभर लांबचं दिसणार! मी कागद-पेन्सिल मागितली.

त्या यंत्राच्या जाळीत 384 गुणिले 288 ठिपके, एकेक ठिपका 12 मायक्रॉनचा, आणि भिंगाचं नाभीय अंतर 35 मिलिमीटर. बाराला पस्तिसाने भागा: 100 मीटरवर एक ठिपका साधारण 3.4 सेंटिमीटर जागा झाकतो. 1,800 मीटरवर तोच ठिपका 62 सेंटिमीटरचा होतो. म्हणजे पुरा सहा फुटी माणूस त्या अंतरावर उभा असेल तर पडद्यावर तीन ठिपके. एकावर एक ठेवलेले तीन पांढरे ठिपके!

"मग हे खोटं लिहिलंय का?" मुलाने विचारलं.

"खोटं नाही. तिथे काहीतरी आहे एवढं दिसेल. काय आहे ते दिसणार नाही."

या फरकाचं मोजमाप 1958 साली जॉन जॉन्सन या अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाने करून ठेवलं आहे. माणसांना पडद्यावरची चित्रं दाखवून त्याने कसोट्या ठरवल्या. आजच्या ठिपक्यांच्या भाषेत सांगायचं तर वस्तूच्या उंचीवर दोन ठिपके पडले की 'काहीतरी आहे' कळतं. आठ पडले की माणूस की जनावर हा प्रकार कळतो. आणि नेमकं काय ते ओळखायला तेरा लागतात. आणि हे आकडेसुद्धा निम्म्या वेळा बरोबर ठरण्याचे आहेत. तेरा ठिपके असूनही दोनातला एक चुकू शकतो.

मी हे लिहीत होतो आणि पेन्सिल कागदावर थांबली. मुलाला वाटलं मी हिशेबात अडकलो. मी अडकलो होतो, पण हिशेबात नव्हे.

---

1967 साली मी अकरा वर्षांचा होतो. जांबोटीच्या अलीकडे आमचं गाव. महाजन अहवालाचं ते वर्ष. मोठी माणसं कट्ट्यावर दुसरं काही बोलतच नसत. आमच्याकडे बैलहोंगलकडून आलेला एक सालगडी होता, कानडी बोलणारा. आम्ही मुलं त्याला मामा म्हणायचो. हा शब्द दोन्ही भाषांत एकच, म्हणून बहुधा तोच चालला असावा. माझ्या भावाला पोहायला त्याने शिकवलं, आणि मला कानडी आकडे त्यानेच शिकवले.

आबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर होती. भात पिकायला लागलं की ते राखणीच्या खोपीत रात्री बसत. मीही हट्ट करून जाई. पाच सेलची बॅटरी धरायचं काम माझं. आबांनी मला डोळे वाचायला शिकवलं होतं. बॅटरी मारली की गुराचे डोळे हिरवट लकाकतात, सांबराचे लकाकतात, बिबट्याचे तर निखाऱ्यासारखे. "डुकराचं डोळं लकाकत न्हाईत, बाळा. काळं दिसलं, खाली वाकलेलं दिसलं आणि डोळं न्हाईत, की समजायचं ते."

शास्त्र म्हणून त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. रात्री हिंडणाऱ्या पुष्कळ प्राण्यांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. प्रकाश त्यावरून परत फिरतो, म्हणून डोळा चमकतो. डुकराच्या डोळ्यात हा थर नसतो. मी पुढे शिक्षक झाल्यावर हे पुस्तकात वाचलं, आणि त्याच पानावर पुढचं वाक्यही वाचलं: माणसाच्या डोळ्यातही तो नसतो.

दसऱ्याच्या आदल्या रात्री परतीचा पाऊस होता. चाळीसेक पावलांवर बांधाशी काहीतरी हललं. आबांनी माझ्या खांद्याला बोट लावलं, मी बॅटरी मारली. पावसाच्या धारांतून काळा, गोल, वाकलेला आकार दिसला. डोळे नव्हते. आकार खाली तोंड घालून माती उकरत होता. आबांनी एल.जी.चं काडतूस भरलेलं होतं. त्यांनी नेम घेतला आणि चाप ओढला.

"यव्वाs!" असा आवाज आला.

ते मामाचं इरलं होतं. बांध फुटून पाणी खालच्या वाफ्यात चाललं होतं म्हणून तो कुणाला न सांगता उठून, इरलं घेऊन, वाकून बांधाला माती लावत होता. आमच्याच बांधाला.

मामा वाचला. दोन छर्रे मांडीत शिरले होते, एक हाडाला लागला होता. बेळगावच्या दवाखान्यात दोन महिने होता आणि पुढे कायमचा लंगडत चालला. आबा रोज त्याच्या खाटेशी बसत. खानापूरहून दोन माणसं येऊन मामाला काहीबाही विचारून गेली; ते दिवसच तसे होते, कानडी माणसावर मराठी माणसाने गोळी घातली ही बातमी कुणाच्याही कामाची होती. मामाने त्यांना एवढंच सांगितलं म्हणे, "डुक्कर समजून मारलंय, कानडी समजून न्हाई."

आबांना मात्र त्याने वेगळं सांगितलं. मी तिथे होतो. तो भिंतीकडे बघत त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "दिसलं व्हय मी तुमाला, अप्पा? मग एकदा हाक मारायचं की ओ."

आबा उत्तर देऊ शकले नाहीत. बॅटरी मी धरली होती. मीही नाही.

---

"बाबा?" मुलगा म्हणाला. त्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती. मी त्या रात्री त्याला सांगितली, साठ वर्षांत पहिल्यांदाच, टेबलावर कॅटलॉग उघडे असताना. सांगून झाल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे यंत्र असतं तर मामा वाचले असते ना?"

खरं सांगायचं तर माझ्या मनातही तोच प्रश्न आला होता, आणि उत्तर 'हो' यावं अशी फार इच्छा होती. पण विचार केला. पावसाने दमट झालेल्या हवेत या यंत्राचं चित्र मळकट होतं. सगळं भिजून एका तापमानाला आलं की फरकच उरत नाही. इरलं बांबूचं आणि पानांचं, वरून पाणी निथळणारं. अंगची उष्णता ते झाकून टाकतं. दिसले असते दोन पाय आणि वर एक थंड गोळा. वाकलेला. घाईत बघणाऱ्याला तो कदाचित डुक्करच दिसला असता. यंत्राने आबांना अधिक दिसलं असतं, पण थांबायला यंत्राने शिकवलं नसतं.

मग आम्ही दोघांनी निवड नव्याने सुरू केली. कसोटी एकच ठेवली: किती लांबचं दिसतं हे विचारायचं नाही, किती अंतरावर ओळखता येतं हे विचारायचं.

त्या कसोटीने बघितलं की आकड्यांची भाषा बदलते. विक्रेते 640 ठिपक्यांची जाळी 384 पेक्षा भारी म्हणून सांगतात. भारी आहेच, पण भिंग आणि ठिपक्याचा आकार तोच असेल तर बारकावा वाढत नाही, फक्त रुंदी वाढते. 35 मिलिमीटरच्या भिंगातून 384 ची जाळी 100 मीटरवर 13 मीटर रुंदीचं शेत दाखवते, 640 ची 22 मीटरचं. रुंदीलाही मोल आहे, कारण डुकराच्या बाजूला आणि मागे काय आहे ते तिनेच कळतं. बारकावा हवा तर भिंग मोठं हवं. 50 मिलिमीटरचं घेतलं की 100 मीटरवर ठिपका 2.4 सेंटिमीटरचा होतो, पण दृश्य अरुंद होतं. 'आठपट झूम' म्हणतात ते तर बहुतेक इलेक्ट्रॉनिक असतं. तेच ठिपके मोठे करून दाखवायचे, नवीन माहिती काही नाही. परीक्षेत पोरं अक्षर मोठं काढून पान भरतात, तसंच ते.

मिलिकेल्विनचा एक आकडा असतो. यंत्राला तापमानाचा किती सूक्ष्म फरक कळतो तो. हा जितका कमी तितका चांगला. 25 च्या खालचा दमट रात्रीही बरा चालतो. सेकंदाला चित्रं किती बदलतात तेही बघावं; 9 हर्ट्झच्या यंत्रात पळणारं जनावर अडखळत जातं, 50 मध्ये सरळ. शिवाय मधूनमधून यंत्राच्या आत एक झडप टिक्कन पडते, ते स्वतःला नीट करून घेतं आणि तेवढा वेळ चित्र गोठतं. गोठलेल्या चित्रावर चाप ओढायचा नाही, हे आम्ही वहीत लिहून ठेवलं.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मुलाच्या लक्षात आली, माझ्या नव्हे. तो म्हणाला, "बाबा, दुर्बीण बंदुकीवर बसवली की जे जे बघायचं, त्याच्यावर बंदूक रोखूनच बघायला लागणार. म्हणजे काय आहे ते कळायच्या आधीच ते नेमात."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. खोपीत आबांना बॅटरी मारणारा वेगळा होता आणि बंदूक धरणारा वेगळा, तरी दोन्ही एकाच दिशेला, एकाच क्षणी होती. मध्ये अंतर नव्हतं.

म्हणून आम्ही पैसे दोन भागांत वाटले. बंदुकीवर साधी, 384 ठिपक्यांची, 35 मिलिमीटर भिंगाची. आणि हातात धरून बघायचं वेगळं यंत्र, 640 ठिपक्यांचं, 50 मिलिमीटर भिंगाचं. बघायचं यंत्र भारी, मारायचं साधं. दुकानदाराने उलटा सल्ला दिला होता. बंदुकीवरच्या दुर्बिणीचा हिशेब मी पक्का करून दिला: डुकराची उंची 70 सेंटिमीटर धरली तर 150 मीटरवर जेमतेम तेरा ठिपके, 100 मीटरवर वीस. तेव्हा 100 च्या पलीकडे चाप नाही. कॅटलॉगातले 1,800 मीटर आमच्या वहीत 100 झाले.

---

नेम जुळवायला पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा लावला. स्वच्छ रात्री त्यात थंड आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि यंत्रात तो काळाकुट्ट ठिपका दिसतो. ते काम झालं आणि चौथ्या रात्री आम्ही म्हाताऱ्याच्या शेतात गेलो. बंदूक मुलाकडे, बघायचं यंत्र माझ्याकडे. गाडीच्या बंद काचेतून बघायला गेलो तर मला माझाच धूसर चेहरा दिसला. मुलगा हसला, "सर, धडा विसरलात."

काच खाली केली. आणि मग तो काळोख उघडला. काय सांगू! शेत राखाडी, झाडं फिकट, आणि दूर कडेला एक ससा दिव्यासारखा उजळ. हा सगळा संसार रोज रात्री आपल्या शेजारी चालू असतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

अकराच्या सुमाराला तीनशे मीटरवर, कुंपणाच्या बाजूला, चार गोळे दिसले. जमिनीलगत, गोलसर, हलणारे. मुलाने यंत्र घेऊन बघितलं. "डुकरं," तो हळूच म्हणाला, आणि त्याचा हात बंदुकीकडे गेला. जवळ सरकू, म्हणाला.

माझ्या छातीत धडधड झाली. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "थांब. आकार दिसतोय. ओळख नाही पटली."

आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मनात हिशेब चालला होता: तीनशे मीटर, ठिपका सात सेंटिमीटरचा, बसलेल्या जनावराच्या उंचीवर पाच-सहा ठिपके. एवढ्यात फक्त 'काहीतरी आहे'. मग त्यातला एक गोळा उठला. आधी मागचे पाय, मग पुढचे. लांब, काटकुळे पाय. वासरू. पलीकडच्या कुरणातली काळी वासरं होती. मधलं तारेचं कुंपण यंत्रात दिसतच नव्हतं. तार हवेइतकीच थंड, तिला चित्र कुठून येणार?

मुलाने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. अंधारात त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. मी यंत्र उचलून त्याच्याकडे वळवलं असतं तर दिसला असता, पण वळवलं नाही.

त्या रात्री आम्ही काहीच न मारता परतलो. पुढे दोन रात्रींनी नव्वद मीटरवर, नीट ओळखून, त्याने दोन डुकरं मारली, आणि म्हाताऱ्याने सकाळी अंडी आणून दिली. त्याचा आनंद मला समजला. मी मात्र सांगायला लागलो तर वासरांचीच रात्र आधी सांगतो.

निघताना खोक्यावरची सूचना वाचली: परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येणार नाही. मला न्यायचंही नव्हतं. आमच्या तालुक्यात 2011 साली भीमगड अभयारण्य झालं. जनावरं आता त्यांच्या घरात आहेत आणि शेतकरी पत्र्याचे डबे वाजवून राखण करतात. डबा वाजवणं म्हणजे एक प्रकारची हाकच.

मामा 1991 मध्ये गेला. तोवर दर पाडव्याला तो लंगडत फराळाला यायचा, आणि आबा होते तोवर त्याचं ताट आबा स्वतः वाढत. घरात दुसऱ्या कुणाचं ताट त्यांनी कधी वाढलेलं मी पाहिलं नाही.

यंदा पेरणीच्या दिवसांत मुलाचा फोन आला. पुन्हा डुकरं आली आहेत म्हणाला. मी विचारलं, यंत्रं कशी चालतात? म्हणाला, "चांगली. पण बाबा, शेतात जायच्या आधी मी एक काम करतो. म्हाताऱ्याला फोन, पलीकडच्या कुरणवाल्याला फोन, त्याच्या गड्याला फोन. आज रात्री मी रानात आहे, तुमच्यापैकी कोण बाहेर आहे, असं विचारतो. सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय गाडीतून उतरत नाही."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. मग उठून ओसरीवर गेलो. खुंटीवर छत्री होती. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.